‘सीझन’ या शब्दाची कुळकथा

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. रविवारची मिस्सा आटोपून आम्ही देवळाच्या आवारात चार मंडळींशी बोलत उभे होतो, तोच निपाणीकडील एक वयस्कर भगिनी आमच्यापाशी आल्या. तंबाखूच्या एका वखारीत त्यांची हयात गेलेली. पाला कुटणे, चाळणे, पोती भरणे हेच त्यांचे काम. आता हातपाय थकले म्हणून काम सुटले होते. पदराच्या गाठीतून त्यांनी एक घडी घातलेला इंग्रजी कागद काढला आणि आमच्या हाती दिला.

“मास्तर, एवढं वाचून सांगा. ह्यात सीझन सीझन लिवलंय म्हनं. ह्यो सीझन म्हंजे काय ओ?”

कागद उपदानाचा, म्हणजे ज्याला आपण सर्वजण ग्रॅच्युइटी म्हणतो त्याचा होता. बावीस सीझन भरले, दर सीझनला सात दिवसांचा पगार, एकूण इतकी रक्कम, असा हिशेब त्यात मांडला होता. आम्ही तो त्यांना समजावून सांगितला. त्यावर त्या क्षणभर थांबल्या आणि म्हणाल्या, “आमच्या शेजारचा गडी इचलकरंजीला मिलमधी व्हता. त्येला वर्साला पंधरा दिवसाचा पगार मिळाला. मला सीझनला सात. माझं वरीस त्येच्यापरीस न्हानं हाय व्हय?”

खरे सांगावयाचे तर त्या घटकेला आम्हांस धड उत्तर देता आले नाही. कागद ठेवून घेतला, पुढच्या रविवारी सांगतो म्हटले, आणि घरी येऊन प्रथम शब्दकोश व मग कायद्याचे पुस्तक उघडले. त्या आठवड्यात जे हाती लागले तेच आज वाचकांपुढे ठेवीत आहोत.

सीझन हा शब्द इंग्रजांनी फ्रेंचांकडून घेतला, इसवी सन १३०० च्या सुमारास. फ्रेंचांना तो लॅटिनकडून मिळाला. लॅटिनमध्ये त्याचे मूळ रूप ‘सातिओ’ असे आहे आणि त्याचा अर्थ काय असावा? ना उन्हाळा, ना हिवाळा, ना सुट्टी, ना बाजार. सातिओ म्हणजे पेरणी. ‘सेरेरे’ म्हणजे पेरणे, या क्रियापदापासून तो घडला. पेरण्याची क्रिया, मग पेरण्याची वेळ, मग कोणत्याही कामाची योग्य वेळ, आणि शेवटी वर्षाचा एखादा भाग, अशी या शब्दाची वाटचाल झाली. रोहिणी निघाल्या की बेळगाव-खानापूरकडील शेतकरी कोरड्या रानात धूळवाफेवर भात पेरतो आणि आभाळाकडे डोळे लावून बसतो. सीझन या शब्दाचा जन्म नेमका अशाच एखाद्या शेताच्या बांधावर झाला आहे.

या घराण्यातला आणखी एक शब्द आपल्या कॅथलिक कुटुंबांत नित्य उच्चारला जातो, पण त्याचे हे नाते आपल्या ध्यानीमनीही नसते. तो शब्द म्हणजे सेमिनरी. लॅटिनमध्ये ‘सेमेन’ म्हणजे बी, आणि ‘सेमिनारियुम’ म्हणजे बी टाकून रोपे वाढविण्याची जागा. सेरेरे आणि सेमेन ही एकाच मुळाची दोन पोरे. ट्रेंटच्या धर्मपरिषदेने १५६३ साली प्रत्येक धर्मप्रांतात भावी धर्मगुरूंच्या शिक्षणासाठी अशी स्थाने असावीत असे ठरविले आणि तेव्हापासून हे नाव रूढ झाले. आमच्या भागात भाताची किंवा तंबाखूची रोपे ज्या वाफ्यात प्रथम तयार करतात त्याला तरवा म्हणतात. तेव्हा “आमचा थोरला सेमिनरीत आहे” असे एखादी माउली अभिमानाने सांगते, त्या वेळी ती शब्दशः “आमचा थोरला तरव्यात आहे” असेच म्हणत असते!

आता पेरणीचा शब्द स्वयंपाकघरात कसा शिरला तेही पाहण्याजोगे आहे. पेरले ते वेळेवर पिकते, पिकले की त्याला गोडी येते. म्हणून जुन्या फ्रेंचमध्ये याच शब्दापासून ‘पिकविणे’, आणि त्यातून ‘चव आणणे’ असा अर्थ निघाला. इंग्रज गृहिणी आमटीला मीठमिरी लावते त्यालाही ती सीझन करणे म्हणते. तोच प्रकार लाकडाचा. ओले सागवान कापून लगेच दार केले तर ते पहिल्या उन्हाळ्यातच वाकते. म्हणून ते रचून, हवा खेळती ठेवून, पुरते वाळवावे लागते. खानापूरच्या बाजूचे आमचे सुतार त्याला ‘सीझन केलेले लाकूड’ म्हणतात. एका सुताराने आम्हांस असेही पटवून देण्याचा यत्न केला की हा शब्द मूळचा आपलाच, ‘शिजणे’वरून निघालेला, लाकूड उन्हात शिजते ते सीझन! कल्पना मोठी गमतीची आहे आणि ऐकताना पटतेही. परंतु आपले शिजणे हे संस्कृतातील ‘सिध्’ धातूपासून प्राकृतामार्गे आले. त्याचा लॅटिन पेरणीशी काडीचाही संबंध नाही. शब्दांचे चेहरे जुळले म्हणून कूळ जुळतेच असे नाही.

बोलीत मात्र सीझन आता मराठीच झाला आहे. लग्नाचा सीझन, आंब्याचा सीझन, परीक्षांचा सीझन. दुकानदार “सीझन नाही” म्हणाला की गिऱ्हाईक नाही असे समजावे. मुंबईत लोकलगाडीचा महिन्याचा पास काढणाऱ्याला रेल्वे जे तिकीट देते त्याचे सरकारी नाव सीझन तिकीट, मग बाहेर कोणताही ऋतू असो. महाबळेश्वरचा सीझन ऐन उन्हाळ्यात, गोव्याचा हिवाळ्यात, आणि आमच्या जवळच्या आंबोलीचा धो धो पावसात. याचा अर्थ असा की सीझन आता आभाळात राहिला नाही, तो पैसे मोजणाऱ्यांच्या गर्दीत आला आहे.

शाळेतला सीझन आणखी निराळा. इंग्रजी शाळेतील मूल चार सीझन पाठ करते: वसंत, उन्हाळा, पानगळ आणि हिवाळा. ही चौकडी युरोपच्या हवेची. तीत पावसाळ्याला जागाच नाही. बेळगावचे पोर जून ते सप्टेंबर छत्री घेऊन चिखल तुडवीत शाळेत जाते आणि वर्गात बसून पाऊस नसलेले वर्ष पाठ करते. संस्कृतात ऋतू सहा, शेतकऱ्याच्या तोंडी तीन. आम्हांस विचाराल तर तीनच खरे.

मग हा शब्द येण्यापूर्वी आपल्याकडे काय होते? येथे सीमाभागाची खरी श्रीमंती दिसते. निपाणी, चिकोडी, कोल्हापूर या पट्ट्यात पीक काढणीच्या दिवसांना सुगी म्हणतात. सुगीला पाहुणे, सुगीला देणी फेडायची, सुगी झाली की लग्ने. हा शब्द कन्नड ‘सुग्गी’चे मराठी रूप होय, कर्नाटकात संक्रांतीलाही सुग्गी हब्ब, म्हणजे सुगीचा सण, म्हणतात. दुसरा शब्द हंगाम. तो फारसी आहे आणि फारसीत त्याचा अर्थ वेळ, समय. हाच हंगाम पलीकडे कन्नडमध्येही जाऊन बसला आहे: पावसाळी पिकांच्या दिवसांना कन्नड शेतकरी ‘मुंगारु हंगामु’ म्हणतो. कन्नडचा शब्द मराठीच्या तोंडी, आणि फारसीचा शब्द दोघांच्याही तोंडी. १ नोव्हेंबर १९५६ रोजी बेळगाव व निपाणी तेव्हाच्या म्हैसूर राज्यात गेली. तेव्हापासून दरवर्षी त्या दिवशी एका गल्लीत राज्योत्सव आणि दुसऱ्या गल्लीत काळा दिवस असतो. २००४ पासून हा वाद सर्वोच्च न्यायालयापुढे गेलेला आहे. त्यात आम्ही येथे शिरत नाही. एवढेच नोंदवितो की दोन्ही गल्ल्यांतील माणूस रानात गेला की त्याच्या तोंडी सुगी आणि हंगाम हेच दोन शब्द असतात.

हंगामाची जोडगोळी खरीप व रब्बी हे शब्द अरबी. अरबीत खरीफ म्हणजे शरद आणि रबी म्हणजे वसंत. त्या त्या काळात जे पीक घरी येते त्यावरून ही नावे पडली. म्हणजे लॅटिन माणसाने वर्षाला नाव दिले ते पेरण्यावरून, आणि आपल्या महसुली दप्तराने दिले ते कापणीवरून. दप्तराला धान्य कधी पेरले याच्याशी कर्तव्य नसते. सारा कधी वसूल होईल याच्याशी असते! मोसम हाही शब्द अरबीच, मुळात ‘ठरविलेली वेळ’ या अर्थाचा. गलबतांना समुद्रात जाण्यासाठी जो वारा ठरल्या वेळी वाहतो तो मोसमी वारा. पोर्तुगीजांनी त्या शब्दाला आपले रूप दिले, त्यावरून इंग्रजी मॉन्सून झाला, आणि आज आकाशवाणीवर मॉन्सूनची वर्दी ऐकताना आपण एक अरबी शब्द दोन परक्या तोंडांतून फिरून आलेला ऐकतो.

आपल्या उपासनेच्या वर्षाकडे पाहिले तर तेथे मराठीने सीझन घेतलेला नाही हे लक्षात येते, आणि ते बरेच झाले. इंग्रजी बोलणारे आपले धर्मबंधू आगमनाचा सीझन म्हणतात. आपण आगमनकाळ, प्रायश्चित्तकाळ म्हणतो. लॅटिन उपासनाग्रंथांतही तेथे सातिओ नसून ‘तेम्पुस’ म्हणजे काळ हाच शब्द आहे. उपदेशकाच्या पुस्तकातील तिसऱ्या अध्यायात प्रत्येक गोष्टीला तिची वेळ असते असे सांगितले आहे. तेथेही लॅटिन पाठात तेम्पुस आहे. १६११ च्या इंग्रजी भाषांतराने मात्र त्या ठिकाणी सीझन घातला. लावण्याची आणि उपटण्याची वेळ त्याच अध्यायात पुढे येते, हे आमच्या तंबाखूवाल्यांच्या ध्यानात येईल.

आता निपाणीकडे येऊ. निपाणीचा तंबाखू विडीचा. पावसाळ्याच्या तोंडी तरवा टाकतात, श्रावण-भाद्रपदाच्या सुमारास रोपांची लावण होते, पुढे शेंडे खुडणे, बगलेतील फुटवे काढणे चालते आणि पौष-माघात काढणी करून पाला उन्हात वाळवितात. येथवर ही सुगीच. परंतु पाला शेतातून उठून व्यापाऱ्याच्या वखारीत गेला की सुगीचा सीझन होतो. सुगीच्या खळ्यावर पूर्वी सुतार, कुंभार, लोहार आपापले बलुते घेण्यास येत; मालक, गडी, पाहुणा सर्वांच्या वाट्याला त्या दिवसांतले काहीतरी येई. ती व्यवस्था निर्दोष होती असे आम्ही मुळीच म्हणत नाही. जातीची उतरंड खळ्यावरही होतीच. पण खळ्याचा दिवस सर्वांना दिसत होता. वखारीचा सीझन कधी सुरू व्हायचा आणि कधी संपायचा, हे फक्त वखारीचा मालक जाणतो.

याची झळ प्रथम शेतकऱ्याला लागली. वाळलेला पाला घरात फार दिवस ठेवता येत नाही, देणी मात्र तोंडावर. म्हणून भाव पडेल त्या दिवशी विकणे भाग. १९८१ च्या मार्च महिन्यात शरद जोशी यांच्या नेतृत्वाखाली या भागातील तंबाखू पिकविणारे शेतकरी रास्त भावासाठी निपाणीजवळ पुणे-बंगळूर महामार्गावर ठाण मांडून बसले. ६ एप्रिल रोजी तेथे पोलिसांनी गोळीबार केला आणि शेतकरी प्राणास मुकले. ज्यांची घरे त्या दिवशी उजाड झाली ती माणसे आपल्या आसपासचीच होती. वखारींतील स्त्रियांचे हाल त्याहून मूक. त्यांनीही संघटना बांधली, आणि १९८२ साली ‘युगांतर’ या स्त्रियांच्या गटाने त्यांच्यावर एक माहितीपट तयार केला. तंबाखूची धूळ, खोकला, आणि काम असेल तेवढेच दिवस मजुरी. शेतकऱ्याचा सीझन भावाने बांधलेला, या बायांचा हजेरीने.

आणि आता तो कागद. १९७२ च्या उपदान कायद्यात असे म्हटले होते की पाच वर्षे सेवा झालेल्या कामगाराला सेवेच्या प्रत्येक वर्षामागे पंधरा दिवसांचे वेतन द्यावे. परंतु हंगामी आस्थापनेतील जो कामगार वर्षभर कामावर नसतो त्याला प्रत्येक हंगामामागे सात दिवसांचे द्यावे. २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेनेही हा भेद तसाच ठेवला आहे. त्याहून जुना १९४८ चा कामगार राज्य विमा कायदा. त्याने तर हंगामी कारखाने मुळातच वगळले. कापसाचे जिनिंग, शेंगा फोडणे, साखर आणि गूळ यांची नावे त्याच्या व्याख्येत स्पष्ट दिलेली आहेत. तंबाखूचे नाव त्या यादीत नाही. कारण समजण्याजोगे आहे: जेथे वर्षातून चारसहा महिनेच यंत्र फिरते तेथे बारा महिन्यांचा भार मालकावर घालणे न्यायाचे नाही, असा विचार त्यामागे असावा. साखर कारखान्यात तो विचार पटतो. गळीत हंगाम केव्हा सुरू झाला आणि केव्हा संपला हे साऱ्या तालुक्याला ठाऊक असते. पहिली मोळी टाकताना नारळ फुटतो, हंगाम संपला की चिमणीचा धूर थांबतो. बंद काळात हंगामी कामगाराला पगाराचा काही हिस्सा भत्ता म्हणून देण्याचीही तेथे रीत आहे.

वखारीला चिमणी नसते. आकडेच मांडून पाहू. रोजची मजुरी तीनशे रुपये धरली तर बावीस वर्षांचे सात-सात दिवसांनी होतात १५४ दिवस, म्हणजे ४६,२०० रुपये. पंधरा-पंधरांनी होतात ३३० दिवस, म्हणजे ९९,००० रुपये. दोहोंमधील अंतर ५२,८०० रुपयांचे, आणि ते अंतर एका शब्दावर उभे आहे. पण कायद्याची ती ओळ आम्ही पुन्हा पुन्हा वाचली तेव्हा ध्यानात आले की तिला दोन अटी आहेत. आस्थापना हंगामी असली पाहिजे, आणि शिवाय तो कामगार वर्षभर कामावर नसला पाहिजे. दोन्ही असतील तरच सात. नुसते वखारीला सीझनची म्हणून भागत नाही.

पुढच्या रविवारी त्या भगिनी आल्या तेव्हा आम्ही प्रथम हेच विचारले, “मावशी, सीझन संपल्यावर तुम्ही काय करीत होता?”

“काय करनार? वखारीतच. पोती शिवायची, चाळण्या साफ करायच्या, गोडाऊन झाडायचं. पाऊस लागला की गळतंय का बघायचं. चार बायका ठेवत व्हते, त्यातली मी एक.”

“किती वर्षे?”

“सगळी.”

“त्याचा पगार मिळे?”

“मिळायचा की. हजेरीचं कार्ड व्हतं. येगळं, पिवळं.”

ती पिवळी कार्डे घरी असतील का, असे आम्ही विचारले. त्या म्हणाल्या, पत्र्याच्या पेटीत बायबलखाली काही आहेत, काही उंदरांनी खाल्ली. दुसऱ्या दिवशी त्यांनी ती आणली: चौदा वर्षांची कार्डे, तीन फाटकी, पण तारखा वाचता येण्याजोग्या. आम्ही ती ओळीने लावली, प्रत्येक वर्षाचे महिने एका कोऱ्या कागदावर उतरविले, आणि बेळगावच्या कामगार अधिकाऱ्यांच्या नावे मराठीत अर्ज लिहिला. त्याची कन्नड प्रत आमच्या एका स्नेह्यांनी करून दिली. इतर तीन बायकांपैकी एक हयात होती. तिनेही सोबत येण्याचे कबूल केले.

एस.टी.ची वेळ झाली होती. निघताना मावशींनी विचारले, “सायबानं इच्यारलं, किती सीझन केलं, तर काय सांगू?”

“सीझन सांगूच नका,” आम्ही म्हणालो. “महिने सांगा.”

त्या पायरीवरच थांबल्या आणि बोटांच्या पेरांवर मोजू लागल्या. कार्तिकापासून सुरुवात केली, वैशाखापर्यंत आल्या, मग जरा अडखळल्या.

“जून धरू का, मास्तर? त्या म्हैन्यात नुसती पोतीच शिवत व्हतो.”

“धरा,” आम्ही म्हणालो.